नागपुरात राहून डॉक्युमेंटरी बनवते म्हटल्यावर लोक जे जे विचारतात

दर आठवड्याला दोन-चार मेसेज येतात. कॉलेजच्या पोट्ट्यांचे, पत्रकारितेतल्या मुलींचे, मधेच एखाद्या रिटायर्ड काकांचे. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलं. पुढच्या वेळी हीच लिंक पाठवीन, राग मानू नका.

ताई, डॉक्युमेंटरी म्हणजे बातमीच ना, फक्त लांब?

नाही रे बाप्पा. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की मॉरिस कॉलेज टी पॉइंटला काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. मोर्चा बॅरिकेडला येऊन अडतो, भाषणं होतात, शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जातं, कॅमेरेवाले बाइट घेतात आणि अंधार पडला की रस्ता मोकळा. बातमी तिथं संपली. माझं काम तिथून सुरू होतं. गडचिरोलीहून आलेली ती बाई रात्री कुठं झोपली, तिची दोन दिवसांची मजुरी बुडाली ती कोणी दिली, घरी गेल्यावर सासूनं काय विचारलं, आणि पुढच्या वर्षी ती परत आली का. हे पाहायचं तर तिच्यासोबत एसटीत बसावं लागतं आणि एकदा जाऊन भागत नाही, परत परत जावं लागतं.

आणि डॉक्युमेंटरीला सिनेमाची गरीब बहीण समजू नका. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, त्याच्या आधी १८९९ मध्ये सावेदादांनी म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकरांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती शूट केली होती. मोठी बहीण कोण ते ठरवा आता.

पोट कशावर भरतं?

हा प्रश्न सगळे शेवटी विचारतात, लाजत लाजत, म्हणून मीच वर घेतला. डॉक्युमेंटरीवर नाही भरत. निदान माझं तरी नाही. वर्षातले चार-पाच महिने मी दुसऱ्यांसाठी काम करते: संस्थांच्या कामाच्या फिल्म, कंपन्यांच्या सीएसआरच्या म्हणजे समाजकार्याच्या खर्चातल्या फिल्म, कॉलेजात तासिका, ओळखीतली लग्नं. हो, लग्नं. लग्नाच्या शूटिंगला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा करून पाहावं, सप्तपदीला रिटेक नसतो, गर्दीत जागा कशी पकडायची आणि माणसं कुठं वळणार ते आधी कसं ओळखायचं हे मी तिथंच शिकले, मोर्च्यात तेच कामी येतं.

सीएसआरचं काम मात्र मन मारून करावं लागतं. एका कंपनीसाठी गावातल्या पाण्याच्या टाकीवर फिल्म केली, टाकी नवीकोरी, पाइपलाइनचा पत्ता नाही. बाया दोन किलोमीटरवरून पाण्याचे गुंड भरून आणताहेत तो शॉट मी ठेवला होता. साहेब म्हणाले मॅडम थोडं पॉझिटिव्ह ठेवा. काढला. पैसे घेतले आणि त्यातून लेन्स घेतली. ते फुटेजही त्यांचंच, मला वापरता येत नाही, म्हणून पुढच्या वर्षी त्याच गावात स्वतःच्या पैशानं परत गेले.

सल्ला एकच, पन्नास टक्के अॅडव्हान्स घेतल्याशिवाय कॅमेरा बॅगेतून काढायचा नाही. काका असले तरी.

कोर्स कुठला करू?

पुण्याचं एफटीआयआय म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, १९६० पासूनचं. कोलकात्याचं सत्यजित राय इन्स्टिट्यूट आहे, दिल्लीत जामियाचं मास कम्युनिकेशन सेंटर आहे, अहमदाबादला एनआयडी ही डिझाइनची संस्था, मुंबईत टिसची म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची मीडियाची शाळा. सामाजिक विषयांचाच ओढा असेल तर टिस आणि जामिया आधी पाहा, तिथं कॅमेऱ्याइतकंच समाजशास्त्र डोक्यात घालतात. प्रवेश मिळाला तर जा. नाही मिळाला म्हणून रडत बसू नका, मी यातल्या एकाही ठिकाणी शिकलेली नाही, नागपूर विद्यापीठातून एमए केलं आणि बाकी सगळं एका न्यूज चॅनेलच्या स्ट्रिंगरच्या, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणाऱ्या वार्ताहराच्या मागे स्कूटीवर बसून शिकले.

नागपुरात राहून हे जमतं का? मुंबईला जायलाच लागेल ना?

एडिटिंग, साउंड मिक्सिंग, फेस्टिव्हलवाल्यांच्या ओळखी यासाठी मुंबई बरी, खोटं कशाला बोलू. पण विषय म्हणाल तर आपण खजिन्यावर बसलोय आणि आपल्यालाच पत्ता नाही. १९५३ च्या नागपूर करारामुळं दरवर्षी अधिवेशन इथं येतं आणि त्याच्यामागं अख्ख्या राज्याची गाऱ्हाणी सीताबर्डीत येऊन उभी राहतात, शूटिंगला कुठं जायचीच गरज नाही. दीक्षाभूमी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला जे झालं त्यासाठी अजूनही लाखो लोक दसऱ्याला येतात आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात, डोक्यावर बोचकं आणि पिशवीत संविधान. मी एक अख्खा दिवस फक्त पुस्तकांच्या एका स्टॉलसमोर कॅमेरा लावून बसले होते, काही विचारलं नाही, नुसते पुस्तक चाळणारे हात शूट केले. माझं त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं फुटेज तेच.

शिवाय कोराडीच्या वीज केंद्राची राख आहे, १९८८ ला भूमिपूजन झालेलं गोसीखुर्द धरण आणि त्याचे विस्थापित आहेत, यवतमाळचा कापूस आहे, चंद्रपूरचा वाघ आणि वाघाच्या तोंडाशी मोहफुलं वेचणाऱ्या बाया आहेत, मेंढा-लेखासारखं जंगलाचा हक्क मिळवणारं गाव आहे. मुंबईचे लोक विमानानं येऊन तीन दिवसांत यातलं एखादं शूट करून जातात, सावजी खातात, घाम पुसतात, रिटर्न. तुम्हाला तीन वर्षं इथंच राहायचंय. हा फायदा सोडू नका.

विषय कसा निवडायचा?

"शेतकरी आत्महत्या" हा विषय नाही, ते पेपरातलं हेडिंग आहे. "नवरा गेल्यावर सावकाराचा हिशेब एका बाईनं दोनशे पानी वहीत मांडला आणि दर शनिवारी ती वही घेऊन तहसीलला जाते" हा विषय. माणूस पाहिजे, त्याला काहीतरी पाहिजे असलं पाहिजे आणि ते मिळेल की नाही हे तुम्हाला माहीत नसलं पाहिजे.

कागदपत्रांसाठी माहिती अधिकार वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साधा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं की पहिलं अपील. प्रश्न नेमका लिहा. "प्रकल्पाची सर्व माहिती द्यावी" लिहिलं की उत्तर येतं "कार्यालयात येऊन पाहावी". मी एकदा गेले तशी, तर बाबूंनी चहा पाजला आणि फाईल सापडत नाही म्हणाले.

एका फिल्मला किती वेळ लागतो?

डॉक्युमेंटरीवाले आनंद पटवर्धन, त्यांना 'जय भीम कॉम्रेड'ला १४ वर्षं लागली. १९९७ चा घाटकोपरच्या रमाबाई नगरातला पोलिसांचा गोळीबार, त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला, तिथून सुरू झालेली फिल्म २०११ ला पुरी झाली. हे ऐकून पोट्टे हसतात. मीही हसायची.

माझं सांगते. २०१४ च्या २३ नोव्हेंबरला मी झिरो माइलजवळच्या गोवारी स्मारकावर कॅमेरा घेऊन गेले, घटनेला वीस वर्षं झाली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९९४ ला याच तारखेला, अधिवेशन सुरू असताना, अनुसूचित जमातीचे हक्क मागायला आलेल्या गोवारींच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली, त्यात बायका आणि लेकरं किती तरी. आता तिथल्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, आपण रोज वरून गाड्या नेतो. मला वाटलं अर्ध्या तासाची फिल्म, सहा महिन्यांत हातावेगळी करू.

मग त्या कुटुंबांच्या गावी जायला लागले. दुसऱ्या वर्षी गेले तेव्हा लोक बोलायला लागले. चौथ्या वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं निकाल दिला की गोवारी हे अनुसूचित जमातीतच येतात. सगळा घोळ यादीतल्या "गोंड गोवारी" या दोन शब्दांचा होता, ती वेगळी जमात की गोवारीच. गावात गुलाल, पेढे, म्हाताऱ्या नाचल्या, मी रडत रडत शूट केलं आणि घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मिळाला शेवट. एडिटला बसले. पैसे नव्हते, मग कोविड आला, एडिट रखडलं, आणि १८ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल रद्द केला. मधल्या काळात ज्या पोरांनी जमातीचे दाखले काढून अॅडमिशन घेतल्या होत्या त्यांचं काय, हा नवा प्रश्न, आणि माझा शेवट हार्ड डिस्कमध्ये तसाच पडलेला.

मी वेळेत पैसे जमवले असते तर २०१९ ला फिल्म आली असती, टाळ्या मिळाल्या असत्या आणि एका वर्षात ती खोटी ठरली असती. तेव्हा किती वेळ लागतो हे मला विचारू नका.

कॅमेरा कोणता घेऊ?

आहे तो. मोबाइल असेल तर मोबाइल. बायकाच चालवतात त्या 'खबर लहरिया' वृत्तपत्राच्या बायकांनी बुंदेलखंडात स्मार्टफोनवर पत्रकारिता केली आणि त्यांच्यावरची फिल्म २०२२ ला ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेली.

पैसे आवाजावर घाला. चित्र हललं तर लोक चालवून घेतात, आवाज फुटला की उठून जातात. आपल्याकडं मार्च ते जून प्रत्येक घरात कूलर, तो बंद केला की पाच मिनिटांत माणूस घामाघूम आणि सुरू ठेवला तर मुलाखतीत फक्त घर्रर्र. म्हणून मी उन्हाळ्यात मुलाखती पहाटे साडेपाचला घेते, अंगणात. एक कॉलर माइक, एक छोटा रेकॉर्डर, हेडफोन कानाला लावल्याशिवाय रेकॉर्डचं बटन दाबायचं नाही. कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर सरकारी ऑफिसातली ट्यूबलाइट पूर्ण फिल्मभर फडफडत राहते. माझी पहिली फिल्म तशीच फडफडते. आणि ४५ डिग्रीत कॅमेरा गरम होऊन बंद पडतो, पांढरा ओला दुपट्टा सोबत ठेवा, कॅमेऱ्यावर धरायला आणि स्वतःच्या डोक्यालाही.

फुटेजच्या तीन कॉपी, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. माझी एक बहिणीकडं कणगीमागं आहे. सप्टेंबर २०२३ ला अंबाझरीचं पाणी वस्त्यांमध्ये घुसलं तेव्हा लोकांचे फ्रीज तरंगले, तुमची डिस्क काय टिकते. त्या रात्रीचे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काढलेले व्हिडिओ आता इतिहास झालेत, असं काही मिळालं तर व्हॉट्सअॅपवर मागू नका, फाइल दबून येते, मूळ फाइल केबलनं घ्या आणि वापरायची लेखी परवानगीही.

लोक कॅमेऱ्यासमोर बोलतात कसे? पैसे देता का?

पहिल्या दोन भेटींत मी कॅमेरा काढतच नाही. बायका चुलीपाशी बोलतात, पुरुष घरात असले की बोलत नाहीत, हे लिहून ठेवा. बोलण्याचे पैसे देत नाही, पण माझ्यामुळं मजुरी बुडाली तर ती देते, काही मित्रांना हे चूक वाटतं, वाटू दे.

संमतीचा कागद मराठीत असावा आणि वाचून दाखवावा. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून कॅमेऱ्यावर तोंडी संमती घ्या. आणि एडिट पक्कं होईपर्यंत त्याला नाही म्हणायचा हक्क द्या. एका ताईनं दोन वर्षांनी सांगितलं की पोरीचं लग्न जमून राहिलं, मला काढा. फिल्मचा कणा होत्या त्या. काढलं.

अत्याचार झालेल्या बाईची किंवा पॉक्सोच्या (लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या) केसमधल्या लेकराची ओळख उघड करणं गुन्हा आहे. आणि चेहरा धुरकट केला की झालं असं नाही, गावातले लोक बांगडीवरून, भिंतीच्या रंगावरून, आवाजावरून ओळखतात.

पोलीस अडवतात का? परवानगी कुठली?

अडवतात. हातातला कॅमेरा आणि एकटी बाई असली की कमी, ट्रायपॉड लावला की लगेच "मॅडम, परमिशन?" रेल्वे स्टेशन, मेट्रो, विधानभवन परिसर इथं आधी लेखी परवानगी घ्याच. अधिवेशनात जमावबंदीचे आदेश कुठं कुठं लागू आहेत ते पाहून जा. ड्रोनचा मोह आवरा. शहरात विमानतळ आहे, एअरफोर्सचा मेंटेनन्स कमांड आहे, सीताबर्डीच्या किल्ल्यावर आर्मी आहे, सरकारच्या ड्रोनच्या साइटवरचा, डिजिटल स्कायचा नकाशा उघडून आधी झोन बघा, लाल असेल तर विषय संपला.

सेन्सॉर लागतं का?

थिएटरात किंवा जाहीर कार्यक्रमात दाखवायची तर सर्टिफिकेट लागतं. अर्ज ऑनलाइन होतो, आपल्याला मुंबईचं ऑफिस. फेस्टिव्हलसाठी सूट मिळवता येते. ओटीटीला सेन्सॉर बोर्ड नाही, तिथं २०२१ चे आयटी नियम आहेत.

भांडण जुनं आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी एका छोट्या डॉक्युमेंटरीवरून केस लढली, १९७० मध्ये सुप्रीम कोर्टानं सेन्सॉरशिप वैध ठरवली. पटवर्धनांच्या 'वॉर अँड पीस'ला बोर्डानं कट सुचवले, ते कोर्टात गेले आणि २००३ ला मुंबई हायकोर्टानं एकही कट न करता फिल्म सोडवली. २००४ च्या मुंबई फेस्टिव्हलमध्ये भारतीय फिल्मना सर्टिफिकेट सक्तीचं करायला निघाले तेव्हा डॉक्युमेंटरीवाल्यांनी 'विकल्प' नावानं स्वतःचाच समांतर फेस्टिव्हल भरवला. आधी बोर्डाविरुद्ध अपिलाला एक ट्रिब्युनल होतं, २०२१ ला तेही बंद केलं, आता थेट हायकोर्ट. म्हणजे वकील. म्हणजे पैसे. छोट्या माणसाला न अडवताच अडवायची ही पद्धत आहे असं माझं मत, पटत नसेल तर सोडून द्या.

फंडिंग कुठून मिळतं?

एकेकाळी सरकारचं फिल्म्स डिव्हिजन होतं, १९४८ पासून, २०२२ ला ते एनएफडीसी या सरकारी फिल्म महामंडळात विलीन झालं. कोलकात्याला डॉकएज नावाचा डॉक्युमेंटरीवाल्यांचा मेळा भरतो, तिथं आपली कल्पना देशोदेशीच्या लोकांसमोर सात-आठ मिनिटांत मांडायची असते, निवड झाली तर शिकायलाच खूप मिळतं. अॅमस्टरडॅमच्या इडफा या डॉक्युमेंटरी फेस्टिव्हलचा फंड आहे, अमेरिकेच्या सनडान्सचा आहे. परदेशी पैसा यायचा असेल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याबद्दल सीएशी आधी बोला, नंतर नाही. अर्ज इंग्रजीत लिहावे लागतात आणि त्यात आपली माणसं फार बिचारी दिसायला लागतात, लिहिताना जरा लक्ष ठेवा. बाकी मित्र, भिशी आणि नवऱ्याचा पीएफ.

तुम्ही निष्पक्ष आहात का?

नाही. कॅमेरा बॅरिकेडच्या कुठल्या बाजूला ठेवला तिथंच पक्ष ठरतो. पण खोटं दाखवत नाही. अधिकाऱ्याची बाजू घेते, पूर्ण घेते, त्याचं वाक्य अर्धवट तोडून त्याला मूर्ख दाखवत नाही. एका पोलीस हवालदारानं मला सांगितलं होतं की मोर्च्यात काठी चालवून घरी गेलो की लेकीला जवळ घेववत नाही. ते मी ठेवलं, तर आमच्याच बाजूचे लोक चिडले.

भीती वाटत नाही का?

वाटते. फोन येतात, एकदा स्कूटीची हवा सोडली होती. एकटी जात असेन तर घरी लोकेशन पाठवते आणि अंधाराच्या आत मुक्कामाला पोचते. वकिलाचा नंबर पाठ आहे, मोबाइलमध्ये नाही, पाठ.

फिल्म दाखवायची कुठं?

फेस्टिव्हलला पाठवाच, मुंबईचा मिफ हा डॉक्युमेंटरीचा महोत्सव १९९० पासून आहे, केरळचा तसाच आयडीएसएफएफके आहे, तिथं प्रेक्षक खरंच भांडायला येतात. पण सगळ्यात आधी जिथं शूट केली तिथं दाखवा. समाजमंदिर, पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, दोन स्पीकर. लाइट जाते तेव्हा लोक थांबतात, उठत नाहीत.

माझ्या आजोबांवर डॉक्युमेंटरी बनवाल का, फार मोठं कार्य आहे त्यांचं.

महिन्यात तीनदा तरी हा मेसेज येतोच. तुम्हीच बनवा ना भाऊ, आजोबा तुमच्याशी बोलतील. कूलर बंद करा फक्त.

मग ती गोवारींची फिल्म कधी पाहायला मिळणार?

२०२४ ला तीस वर्षं झाली तेव्हा परत स्मारकावर गेले होते. पहिल्या वर्षी जिनं मला चहा पाजला ती आजी आता नाही, तिची नात आली होती, दाखल्याच्या भानगडीत अडकलेल्या पोरांपैकीच एक. तिनं विचारलं, "आत्या, आजीचं बोललेलं आहे का अजून तुमच्याकडे?" आहे म्हटलं, पावणेदोन तास आहे. पुढच्या रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन गेले. सगळे चुलत-मावस जमले होते, आजीचा आवाज आला तशी खोली गप्प झाली, आणि मी कोपऱ्यात कॅमेरा सुरू करून बसले. सध्या त्या दिवसाचं फुटेज लावून राहिले.